खेळाची फी मुलगीही भरते

गोल्फ हा काही आमच्या गोंदिया जिल्ह्याचा खेळ नव्हे. अठरा होलच्या एका मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते, बारमाही हिरवळ लागते आणि त्या हिरवळीला पाजायला पाणी लागते. आमच्याकडे एवढी सलग जमीन दिसली की माणूस पहिला हिशेब करतो तो धानाच्या बांध्यांचा. आणि पाण्याचा विषय निघाला की आठवतात ते मामा तलाव आणि बोड्या. तेव्हा मी आज अमेरिकेतल्या कॉलेजकन्यांच्या गोल्फ स्पर्धेबद्दल लिहिणार आहे असे म्हटले, तर रविवारचा चहा घेत बसलेले वाचक कप खाली ठेवून विचारतील, ‘‘बाई, आमचा त्याच्याशी संबंध काय?’’

संबंध आहे. तो गोल्फशी कमी आणि आपल्या घरातल्या मुलीशी अधिक आहे.

७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती, आणि बर्डी कशाला म्हणतात, पार कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेली घरेच्या घरे भल्या सकाळी टीव्हीसमोर बसली होती. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. अदिती चौथी आली. त्या दिवशी तिची गोल्फची बॅग वाहत होती तिची आई. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अदिती अठरा वर्षांची होती, तेव्हा ती बॅग वडिलांच्या खांद्यावर होती. आपल्याला या गोष्टीचे फार कौतुक वाटले, आणि ते रास्तच होते. पण कौतुक ओसरल्यावर माझ्या मनात एक वेगळाच विचार आला. आपल्या देशात खेळणाऱ्या मुलीच्या मागे उभे असते ते घर. घराची ऐपत, घराची हिंमत, घराला असलेली सवड. यातले एक जरी संपले, तरी मुलीचा खेळ संपला. ज्या मुलीची बॅग उचलायला आईवडिलांना शेतातून सुटका नाही, तिचे ओझे कोणी उचलायचे?

या प्रश्नाचे अमेरिकेने दिलेले उत्तर ‘कॉलेजने’ असे आहे. पण ते उत्तर तिथेही सुखासुखी आलेले नाही. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण तिच्यातली माणसे परकी असली, तरी त्यांच्या तोंडची वाक्ये आपण आपल्या ओसरीवर ऐकलेली आहेत.

१९२३ साली वॉशिंग्टनमध्ये मुलींच्या खेळांविषयी एक परिषद भरली. पुढाकार घेणाऱ्यांत लू हेन्री हूव्हर होत्या. त्यांचे पती पुढे १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. या परिषदेतून जी मंडळी एकत्र आली ती मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या शिक्षिकांची होती, हे मुद्दाम ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक मुलीने खेळावे, मोकळ्या हवेत खेळावे. पण जिंकण्याच्या ईर्ष्येने खेळू नये, सामन्यांसाठी गावोगाव फिरू नये, तिकीट लावून तिच्या खेळाचा तमाशा करू नये. मुलांच्या कॉलेज फुटबॉलमध्ये शिरलेला पैसा आणि त्यातून आलेला उच्छाद त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांची भीती खोटी नव्हती.

मात्र त्या भीतीतून निघालेला तोडगा मोठा गमतीचा होता. तीन-चार कॉलेजांच्या मुलींना एका ठिकाणी बोलवायचे, सगळ्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे, म्हणजे कोणत्याच कॉलेजचा जय नाही आणि कोणाचा पराजयही नाही. मग थोडा खेळ आणि नंतर फराळ. आपल्याकडच्या हळदीकुंकवाची आठवण व्हावी असा हा ‘खेळाचा दिवस’. खेळाची हौस भागायची, पण आपण किती चांगले खेळतो हे मुलीला कधी कळायचे नाही. हौस आणि कौशल्य यांच्यामध्ये स्पर्धा उभी असते. ती काढून घेतली की हौस तेवढी शिल्लक राहते, आणि लग्नानंतर तीही कपाटात जाते.

या पार्श्वभूमीवर ग्लॅडिस पामर हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या ओहायो स्टेट विद्यापीठात मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. कोलंबस शहरातल्या या विद्यापीठाकडे स्वतःचे गोल्फचे मैदान होते. पामरबाईंनी ठरवले की देशभरच्या कॉलेजमधील मुलींची गोल्फ स्पर्धा आपण भरवायची. मुलींच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेकडे त्यांनी पाठिंबा मागितला. तो मिळाला नाही. मग त्यांनी पाठिंब्यावाचून स्पर्धा भरवली. १९४१ च्या उन्हाळ्यात ती झाली आणि अलाबामा विद्यापीठाची एलीनॉर डडली पहिली विजेती ठरली. पुढे महायुद्धामुळे स्पर्धेत खंड पडला. १९४६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि १९४७ ची विजेती होती मिशिगनमधल्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजची शर्ली स्पोर्क. तीन वर्षांनी, १९५० मध्ये, तेरा खेळाडूंनी मिळून महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना उभी केली, त्या तेराजणींत स्पोर्क एक होती. २०२२ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती वारली, तेव्हा त्या संघटनेच्या स्पर्धा जगभर खेळल्या जात होत्या. अदिती अशोक खेळते ती हीच संघटना.

आपण नेहमी असे समजतो की आधी खेळाडू तयार होतात आणि मग त्यांच्यासाठी स्पर्धा भरते. ‘‘मुली येतच नाहीत हो मैदानावर, स्पर्धा कोणासाठी घ्यायची?’’ हे वाक्य मी किती क्रीडाशिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे! पामरबाईंनी क्रम उलटा धरला. तारीख ठरवली, मैदान ठरवले, आणि मुली आल्या. तारीख ठरली की सरावाला अर्थ येतो. घरी सांगायला काहीतरी असते. ‘‘खेळायला जाते’’ या वाक्याला घरात काडीची किंमत नसते. ‘‘बारा तारखेला मॅच आहे’’ या वाक्याला असते.

पण एका बाईच्या हिमतीवर एक स्पर्धा उभी राहते, व्यवस्था उभी राहत नाही. पुढची तीस वर्षे मुलींचे खेळ अमेरिकेतही कॉलेजच्या कोपऱ्यातच राहिले. बदल झाला तो २३ जून १९७२ रोजी मंजूर झालेल्या एका कायद्याने. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. मूळ इंग्रजीत त्याचे मुख्य कलम अवघ्या ३७ शब्दांचे आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ स्त्री किंवा पुरुष आहे म्हणून कोणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. गंमत अशी की, त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. पण सरकारी पैसा आणि समान वागणूक या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या आणि कॉलेजांना आपल्या जिमखान्याच्या वह्या उघडाव्या लागल्या. त्या वेळी कॉलेजांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे तीस हजार होत्या; आज त्या दोन लाखांवर आहेत. १९८२ मध्ये मुलींची गोल्फ स्पर्धा, मुलांच्या स्पर्धा घेणाऱ्या त्याच मोठ्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली आली. १९९१ मध्ये स्वीडनहून अ‍ॅरिझोना विद्यापीठात शिकायला आलेली एक मुलगी पहिल्याच वर्षी ती जिंकून गेली. तिचे नाव अ‍ॅनिका सोरेनस्टॅम. पुढे तिने महिला गोल्फमधले बहुतेक सगळे मोठे किताब मिळवले.

या स्पर्धेची एक रीत मला फार आवडते. गोल्फ एकट्याने खेळायचा खेळ. पण कॉलेज स्पर्धेत संघ पाचजणींचा असतो. पाचही जणी अठरा होल खेळतात, सात-आठ किलोमीटर चालतात, आणि दिवसअखेर सर्वांत कमी फटके घेणाऱ्या चौघींचे आकडे संघाच्या खात्यात जमा होतात. पाचवीचे सोडून देतात. आज कोण पाचवी ठरणार हे सकाळी कोणालाच ठाऊक नसते. म्हणजे एखादीचा दिवस वाईट गेला तरी संघ बुडत नाही, आणि कोणतीही मुलगी कायमची वजाबाकीत जात नाही. २०१५ पासून शेवटच्या टप्प्यात आठ संघ समोरासमोर भिडतात. पाचपैकी तीन लढती जिंकायच्या. २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने स्टॅनफर्डसारख्या मातब्बर संघाला असेच तीन-दोनने नमवले. मुलीला चुकण्याची मुभा असलेली व्यवस्था म्हणजे काय, ते या पाचवीच्या आकड्यात दिसते. आपल्याकडे मुलगी एक सामना हरून आली की घरात लगेच विचारतात, ‘‘मग आता पुरे ना?’’

आता तिकडे सगळे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. १९७२ पूर्वी मुलींच्या संघांच्या दहांतल्या नऊहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. पैसा आला तसे पुरुष आले आणि आज ते प्रमाण निम्म्याहून खाली आहे. आणि २०२१ च्या मे महिन्यात जे झाले, ते तर कोणत्याही गावच्या पंच कमिटीला शोभण्यासारखे होते. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज या शहरी मुलींच्या राष्ट्रीय गोल्फ स्पर्धेची विभागीय फेरी होती. अठरा कॉलेजांचे संघ आले होते. तीन दिवस पाऊस झाला. अखेर अधिकाऱ्यांनी सांगितले की मैदान खेळण्याजोगे आहे, पण अजिंक्यपद स्पर्धेच्या दर्जाचे नाही. म्हणून स्पर्धा रद्द. मानांकनात वरचे सहा संघ पुढे गेले आणि उरलेले बारा संघ चेंडूला एक फटकाही न मारता घरी गेले. त्यांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचे कॉलेजातले गोल्फ तिथेच संपले. व्हरांड्यात उभ्या राहून रडणाऱ्या मुलींची चित्रे देशभर गेली आणि मोठा गदारोळ झाला.

न खेळता हरणे काय असते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी आमच्याच भागातल्या एका कॉलेजात शिकत असताना खो-खो खेळत असे. दोन वर्षे आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गेला. मुलांच्या संघाचे गेल्या वर्षीचे टी-शर्ट आम्हाला मिळत. ते गुडघ्यापर्यंत येत, म्हणून पोटाशी गाठ मारून आम्ही पळत असू. तिसऱ्या वर्षी आम्ही खऱ्या तयारीत होतो. सामन्यांना आठवडा उरला असताना कळले की, सोबत येण्यास कोणी बाई मोकळ्या नाहीत, म्हणून आमची प्रवेशिका पाठवलेलीच नाही. मुलांची गेली होती. कोणी रागावले नाही, कोणी भांडले नाही. माझी एक मैत्रीण, जिच्याइतकी चपळ मुलगी मी नंतर पाहिली नाही, ती फक्त म्हणाली, ‘‘बरं झालं, कापणी सुरू आहे, आई एकटीच आहे.’’ त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

बॅटन रूजच्या मुलींसाठी देश हळहळला. आमच्यासाठी हळहळायला नोटीस बोर्डावर एक कागदसुद्धा लागला नव्हता. न पाठवलेल्या प्रवेशिकेची नोंद कुठेच होत नाही. हीच खरी गोम आहे.

ही कोण्या एका कॉलेजची गोष्ट नाही, म्हणून मी नाव घेत नाही. उलट आमच्या जिल्ह्याचे चित्र अनेक बाबतींत अभिमान वाटावा असे आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या, जेव्हा राज्याचा आकडा ९२९ होता. आमच्याकडे मुलगी जन्माला येऊ दिली जाते, शिकवली जाते. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली तेव्हापासून उच्च शिक्षण या भागाच्या दाराशी आले. गोंदियात मुलींचे स्वतंत्र कॉलेजही आहे. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर परे लावणाऱ्या बायकांच्या या मुली. त्यांच्या अंगात दम नाही, असे म्हणायला जीभ धजणार नाही. मग दम आहे, शिक्षण आहे, तर अडते कुठे?

अडते ते पायरीवर. कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना जातो. तिथून नागपूर विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथून पुढे राज्य आणि देश. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतले प्रावीण्य दाखवावे लागते. म्हणजे ज्या मुलीची प्रवेशिका कॉलेजातून निघाली नाही, तिचे पदक तर गेलेच, पण कदाचित पोलीस खात्यातली किंवा वनखात्यातली नोकरीही गेली. शिडीची खालची पायरी मोडलेली असेल, तर वरच्या पायऱ्यांना कितीही रंग द्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला. आपण पेढे वाटले. पण देवरी-सालेकसाकडच्या किती मुलींना त्या वर्षी आपल्या कॉलेजसाठी खो-खोच्या खांबाला हात लावायला मिळाला, हे कोणी विचारले का?

अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. सामन्यांचा हंगाम आणि धानाच्या कापणी-मळणीचा हंगाम नेमके एकमेकांत अडकतात. नागपूर रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सामना लांबला की परतायला रात्र होते, आणि गोंदियाला उतरूनही पुढे तालुक्याचे गाव उरतेच. वडील विचारतात, ‘‘सोबत कोण आहे? किती वाजता पोचणार?’’ हा प्रश्न मागासलेपणाचा नाही, काळजीचा आहे. १९२३ च्या त्या अमेरिकन शिक्षिकांची काळजीही अशीच होती. फरक इतकाच की काळजीचे उत्तर ‘पाठवू नका’ हे नसते. सोबतीला एक बाई, मुक्कामाची नीट सोय, आणि गावापर्यंत पोचवणारी एक जीप, हे त्याचे उत्तर असते. या तिन्ही गोष्टींना पैसे लागतात. तेव्हा बोलणे शेवटी पैशावर येते आणि संस्थाचालक हात वर करतात.

पण पैसे नाहीत असे कसे? कॉलेजच्या प्रवेशाची पावती काढून पाहा. शिक्षण शुल्क, ग्रंथालय शुल्क यांच्या रांगेत कुठेतरी क्रीडा शुल्क किंवा जिमखाना शुल्क छापलेले असते. रक्कम लहान असते, म्हणून आपण तिकडे पाहत नाही. ती रक्कम मुलगाही भरतो आणि मुलगीही भरते. मुलीला त्यात सवलत नसते. मग तिच्या वाट्याचे मैदान, तिच्या मापाचा टी-शर्ट, तिच्या सामन्याचे भाडे, हे तिचे हक्काचे असते. कोणाची मेहरबानी नसते. तीन वर्षे फी भरून एकदाही मैदानावर न गेलेली मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या खेळाचा खर्च उचलणारी मुलगी.

अमेरिकेने १९९४ मध्ये आणखी एक छोटा कायदा केला. मुले-मुली एकत्र शिकत असलेल्या आणि सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने दरवर्षी जाहीर करायचे की, आपल्या संघांतून किती मुले खेळली, किती मुली खेळल्या आणि कोणावर किती खर्च झाला. फक्त आकडे चारचौघांत मांडायचे. आकडे मांडावे लागणार म्हटल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतात, हा संसाराचाही अनुभव आहे.

माझी मागणी एवढीच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजने दरवर्षी एक कागद नोटीस बोर्डावर लावावा. त्यावर चार ओळी असाव्यात: क्रीडा शुल्क किती जमा झाले, मुलांवर किती खर्च झाला आणि मुलींवर किती, मुलींच्या किती संघांची प्रवेशिका गेली, आणि जी गेली नाही ती का गेली नाही. त्यासाठी नवा कायदा नको, मंत्र्यांचे आश्वासन नको, माहितीच्या अधिकाराचा अर्जही लागू नये. एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.

आणि मुलींच्या आईवडिलांना सांगायचे ते हे. जून-जुलैत मुलीचे नाव घालायला जाल तेव्हा ती पावती घडी करून खिशात टाकण्याआधी एकदा वाचा. क्रीडा शुल्काच्या ओळीवर बोट ठेवा आणि खिडकीतल्या बाबूंना, जमले तर प्राचार्यांना, शांतपणे विचारा, ‘‘आमच्या मुलीचा सामना कधी आहे?’’ पहिल्या वर्षी ते गोंधळतील. दुसऱ्या वर्षी ते तारीख सांगतील.